चष्मा दुरुस्त करून द्या : मराठवाड्यातील चष्मा विक्रेत्यांना खुले पत्र

प्रति,
मराठवाड्यातील सर्व चष्मा विक्रेते आणि त्यांच्या जिल्हा व तालुका संघटनांचे पदाधिकारी यांस

सप्रेम नमस्कार.

आमच्या तालुक्याच्या गावी चष्म्याच्या सर्व दुकानदारांनी एकत्र बसून एक निर्णय घेतला आणि प्रत्येकाने दुकानाच्या दर्शनी भागात एकसारखी पाटी लावली : ‘येथे जुन्या फ्रेमची दुरुस्ती केली जात नाही. नवीन फ्रेम माफक दरात मिळतील.’ गावाचे आणि दुकानांचे नाव मी मुद्दाम लिहीत नाही. आमच्याकडे तो निर्णय पाटीवर आला एवढाच फरक; शेजारच्या तालुक्यांतून कामानिमित्त येणारी माणसे सांगतात की त्यांच्याकडे पाटी नसली तरी उत्तर हेच मिळते. म्हणून हे पत्र एका गावाच्या दुकानदारांपुरते न ठेवता आपणा सर्वांना लिहीत आहे, आणि उघडपणे लिहीत आहे, कारण ज्यांचे चष्मे मोडतात त्यांच्यापर्यंतही ते पोहोचावे अशी माझी इच्छा आहे.

मी तहसील कचेरीसमोर बसणारा अर्जनवीस आहे. वारसाची नोंद, फेरफारावरची हरकत, शेतरस्त्याची अडवणूक, पीकविम्याची तक्रार अशी लोकांची गाऱ्हाणी कागदावर उतरवून देणे हा माझा पोटाचा धंदा. माझ्या दोन्ही डोळ्यांना दूरचा नंबर आहे, त्यात सिलिंडर (अक्षर पसरट किंवा दुहेरी दिसते त्यावरचा नंबर) आहे, आणि चाळिशी उलटल्यावर जवळचाही लागला. १९५४ च्या खासरा पाहणीपत्रकाच्या पुसट नकला, निजामकाळातील नोंदींची भाषांतरे आणि सातबाऱ्याच्या ‘इतर हक्क’ या रकान्यातले बारीक अक्षर हे सर्व मला रोज वाचावे लागते. ज्या दिवशी चष्मा नसेल त्या दिवशी मी टेबल मांडत नाही.

परंतु तक्रार केवळ माझ्या चष्म्याची असती तर मी ती चार जणांत बोलून सोडून दिली असती. माझ्या समोरच्या बाकावर येऊन बसणाऱ्यांचे चष्मे मी रोज पाहतो. कोणाची एक काडी गेलेली असते आणि तिच्या जागी कानाभोवती सुतळी गुंडाळलेली असते. कोणी नाकावरच्या जोडाला सायकलच्या ट्यूबची पट्टी आवळलेली असते. बिजागरीत स्क्रूऐवजी वाकवलेली टाचणी घालून तिचे टोक गालाला टोचत असतानाही माणूस निमूटपणे तो चष्मा वापरत असतो. यांतले बहुतेक बिघाड असे असतात की बारीक पेचकस आणि योग्य मापाचा स्क्रू हाताशी असता, तर समोरच्या हॉटेलातून चहा येईपर्यंत काम झाले असते.

याहून मोठे नुकसान कागदावर होते. ‘चष्मा मोडलाय, सही कुठं करायची ते दिसत नाही, अंगठाच घ्या’ असे म्हणणारी माणसे निरक्षर नसतात. त्यांत सातवी झालेले शेतकरी असतात, बचतगटाचे रजिस्टर लिहिणाऱ्या बाया असतात, निवृत्त झालेले कोतवाल असतात. वाचता येणारा माणूस जमिनीच्या कागदावर न वाचता अंगठा देतो, आणि पुढे त्या कागदावरून वाद उभा राहिला की मला त्याच माणसासाठी ‘सदर मजकूर मला वाचून दाखवण्यात आला नव्हता’ असे लिहावे लागते. आता मोबाइलवर आलेला ओटीपी वाचल्याशिवाय कोणतीही ई-केवायसी पुढे सरकत नाही. त्यासाठी लोक अनोळखी माणसाच्या हातात मोबाइल देतात. या सगळ्याच्या मुळाशी पुष्कळदा एक निसटलेला स्क्रू असतो, हे मी अतिशयोक्ती न करता लिहीत आहे.

आता माझ्या तक्रारी मांडतो.

पहिली तक्रार हिशेबाची आहे. पाटीवरील ‘माफक दर’ फ्रेमपुरता खरा आहे. ट्रेमधली फ्रेम शे-दीडशे रुपयांतही मिळते. मात्र चष्म्याची काच त्या-त्या फ्रेमच्या आकाराप्रमाणे घासलेली असते. नवी फ्रेम थोडी लहान असेल तर जुनी काच पुन्हा घासून तिच्यात बसवता येते. मोठी असेल तर उपायच राहत नाही. लहान फ्रेमसाठी घासतानाही काचेचा मध्य बाहुलीसमोर राहिला पाहिजे, बायफोकलचा, म्हणजे दूर-जवळ दोन्ही नंबर असलेल्या काचेचा, खालचा भाग फार वर किंवा फार खाली जाता कामा नये, आणि सिलिंडर ज्या कोनात बसवलेला असतो तो अंश फिरता कामा नये. एवढे सांभाळण्याइतका वेळ कोणाला नसतो, म्हणून ‘काचाही नवीनच टाकून घ्या’ असे सांगितले जाते. मग शे-दीडशेची फ्रेम काचांसह अनेक पटींनी महाग होते, आणि ज्याची केवळ काडी तुटली होती तो माणूस दोन चांगल्या काचा खिशात घालून दुकानातून बाहेर पडतो. घड्याळाचा पट्टा तुटला म्हणून नवे घड्याळ घ्या, असे कोणी सांगत नाही. चष्म्याच्या बाबतीत मात्र हे रोज घडते आणि त्यात कोणाला काही वावगे वाटत नाही.

फ्रेमच्या काडीच्या आतल्या बाजूला ५२, १८, १४० असे तीन आकडे बहुधा छापलेले असतात. पहिला आकडा काचेची रुंदी सांगतो, दुसरा दोन काचांमधले अंतर आणि तिसरा काडीची लांबी. सर्व मापे मिलिमीटरमध्ये. ग्राहकाला याचा पत्ता नसतो, आपणांस तो पक्का असतो. आकडे जुळले म्हणजे आकार जुळतोच असे नाही, हे मलाही कळते. तरी जुन्या काचांसाठी जुळती फ्रेम शोधायची झाली तर सुरुवात तिथूनच करायची असते, आणि ती सुरुवातसुद्धा केली जात नाही ही माझी तक्रार आहे. नंबरच्या चष्म्यांवरचा जीएसटी २२ सप्टेंबर २०२५ पासून १२ टक्क्यांवरून ५ टक्क्यांवर आला. नवा चष्मा तेवढ्याने स्वस्त झाला असेल तर आनंदच आहे, पण ज्याला नव्याची गरजच नव्हती त्याच्या खिशातून जाणारी रक्कम तेवढ्याने भरून निघत नाही.

दुसरी तक्रार अशी की ‘ही फ्रेम दुरुस्त होत नाही’ हे एकच वाक्य सर्व प्रकारच्या फ्रेमना सरसकट लावले जाते. बसस्थानकाच्या भिंतीला टेकून वर्षानुवर्षे बसणाऱ्या एका कारागिराकडे मी माझे चष्मे नेत असे, आणि काम होईपर्यंत त्याच्या पत्र्याच्या पेटीशेजारी बसून जे पाहिले-विचारले त्यावरून काय दुरुस्त होते आणि काय होत नाही याची मला बऱ्यापैकी कल्पना आहे. जिथे चूक असेल तिथे आपण मला दुरुस्त करावे.

बिजागरीचा स्क्रू गळणे हा सर्वांत साधा बिघाड. हे स्क्रू साधारणपणे १.२ किंवा १.४ मिलिमीटर जाडीचे असतात आणि पाकिटाने मिळतात. आटे गेले असतील तर भोक किंचित मोठे करून पुढच्या मापाचा स्क्रू घालता येतो, किंवा आरपार स्क्रू घालून मागून नट आवळता येतो. दिसायला थोडे बोजड दिसते, पण शेतात जाणाऱ्या माणसाला त्याचे काही वाटत नाही. नाकावर टेकणारे पॅड हिरवट पडले किंवा पडून गेले तर नवे घालायला काही क्षण लागतात. ते स्क्रूचे की दाबून बसवायचे एवढेच पाहावे लागते. अर्ध्या फ्रेमची काच खालून नायलॉनच्या दोऱ्याने धरलेली असते आणि तो दोरा तुटला म्हणजे चष्मा मोडला असे म्हणताच येत नाही.

अ‍ॅसिटेट या तापवल्यावर नरम होणाऱ्या प्लॅस्टिकच्या फ्रेमचे काम थोडे अधिक कौशल्याचे आहे, पण ते होणारे आहे. ही फ्रेम तापवलेल्या वाळूत किंवा मिठात नरम करून सरळ करता येते. आतली बिजागरी सैल झाली असेल तर तापवून पुन्हा दाबून बसवता येते. नाकावर मोडली असेल तर दोन्ही तोंडांना अ‍ॅसिटोन लावून ती एकमेकांत मुरेपर्यंत धरून ठेवायची, पूर्ण वाळू द्यायची आणि मग घासून चकाकी आणायची. जोड मूळच्या इतका बळकट होत नाही, मात्र सांभाळून वापरले तर पुष्कळ दिवस निघतात. धातूची फ्रेम काच काढून झाळून घेता येते. तो कारागीर असे काम सराफ कट्ट्यावरच्या एका सोनाराकडून करून आणत असे, आणि झाळलेल्या जागचा मुलामा जळून काळा डाग पडेल हे गिऱ्हाइकाला आधीच सांगत असे. टायटॅनियमची फ्रेम मात्र साध्या ज्योतीवर झाळता येत नाही, कारण तापलेले टायटॅनियम हवेशी संयोग पावून ठिसूळ होते. त्याला लेसर किंवा आर्गॉन वायूतले वेल्डिंग लागते आणि ते आपल्या तालुक्याच्या ठिकाणी नाही.

टीआर-९० ची फ्रेमही मध्ये मोडली तर मोडली. ते नायलॉनच्या कुळातले प्लॅस्टिक आहे, वाकवले तर परत सरळ होते, वजनाला हलके असते, घामाने खराब होत नाही. पण त्याला नेहमीचा कोणताही गोंद धरत नाही. साच्यात ओतलेल्या स्वस्त फ्रेमची गत याहून वाईट, कारण तिची बिजागरी त्याच प्लॅस्टिकचा भाग असते आणि ती तुटली की दुसरी बसवायला जागाच नसते. मी हे लिहितो ते यासाठी की अशक्य काम मी आपणांकडे मागत नाही. जिथे होत नाही तिथे ‘होत नाही’ असे ऐकून घ्यायला ग्राहक तयार असतो. स्क्रू बसवून मिळणार नाही, हे ऐकून घ्यायला तो तयार नसावा असे माझे मत आहे.

दुकानातून नकार मिळाल्यावर माणूस काय करतो, हेही पाहा. तो किराणा दुकानातून झटपट चिकटणाऱ्या गोंदाची नळी घेतो. त्या गोंदाच्या वाफेने काचेवर पांढुरका थर बसतो, काचेवर गोंद ओघळला तर तिचे कोटिंग जाते, आणि कडक झालेला जोड चार दिवसांत पुन्हा तुटतो. त्यानंतर ती फ्रेम खरोखरच कोणालाही दुरुस्त करता येत नाही. म्हणजे आपल्या नकारामुळे दुरुस्त होणारी वस्तू दुरुस्तीच्या पलीकडे जाते.

तिसरी तक्रार विक्रीच्या वेळची आहे. जी फ्रेम मोडल्यावर दुरुस्त होणार नाही, ती विकताना तसे सांगितले जात नाही. उलट ‘अनब्रेकेबल आहे, काका’ असे सांगितले जाते. वाकवून दाखवली की ग्राहकाचा विश्वास बसतो. मे महिन्यात आमच्याकडे पारा चाळिशीच्या वर जातो. मोटारसायकलच्या डिकीत किंवा ट्रॅक्टरच्या बॉनेटजवळ ठेवलेली हलक्या प्लॅस्टिकची फ्रेम दुपारपर्यंत पिळवटते आणि काच आपोआप बाहेर पडते. या हवेत कोणती फ्रेम टिकते हे आपल्याला ग्राहकापेक्षा नक्कीच जास्त कळते.

या बहुतेक फ्रेम चीनमधून येतात. तेथील वेनझोउ आणि शेनझेन ही शहरे फ्रेमसाठी आणि दानयांग हे शहर काचांसाठी प्रसिद्ध आहे. परदेशी माल म्हणून मी त्याला नावे ठेवत नाही. त्याच शहरांतून उत्तम दर्जाच्या फ्रेमही निघतात आणि नामांकित कंपन्याही तिथून माल करून घेतात. आपण ठोक बाजारातून डझनावर उचलता त्या मालाची अडचण वेगळी आहे : त्याच्या सुट्या काड्या येत नाहीत, त्याच नमुन्याचा माल पुन्हा येत नाही, आणि तो कोणी बनवला किंवा कोणी आणला हे फ्रेमवर लिहिलेले नसते. आयात केलेल्या वेष्टित मालावर आयातदाराचे नाव व पत्ता, मूळ देश आणि कमाल किरकोळ किंमत छापलेली असावी, असे २०११ चे वैधमापनाचे नियम सांगतात. ग्राहकाच्या हाती फ्रेम येते तेव्हा वेष्टन केव्हाच निघून गेलेले असते. अशा फ्रेमची काडी तुटली तर तिची जोडीदार काडी कुठे मागायची?

चौथी तक्रार थोडक्यात. पावती दिली जात नाही आणि डोळे तपासल्यावर नंबरचा कागद दुकानातच ठेवून घेतला जातो. पावती न देणे ही ग्राहक संरक्षण अधिनियम, २०१९ नुसार अनुचित व्यापारी प्रथा आहे. नंबरचा कागद तर ग्राहकाच्या डोळ्यांचा आहे. तो आपल्याकडे ठेवण्याचे कारण एवढेच दिसते की माणसाने पुढच्या वेळीही आपल्याकडेच यावे.

पाचवी तक्रार दुरुस्तीऐवजी हातात ठेवल्या जाणाऱ्या तयार चष्म्याबद्दल आहे. इथे मला थोडे सावधपणे लिहिले पाहिजे, कारण तयार चष्म्याचा मी विरोधक नाही. ज्याला फक्त चाळिशी लागली आहे आणि ज्याच्याकडे कसलाच चष्मा नाही, त्याला शे-दोनशे रुपयांचा तयार चष्मा मिळणे ही मोठी गोष्ट आहे. २०१८ मध्ये ‘लॅन्सेट ग्लोबल हेल्थ’ या नियतकालिकात आसामच्या चहामळ्यांतील चाळिशीच्या पुढच्या मजुरांवरचा अभ्यास प्रसिद्ध झाला. ज्यांना जवळचा चष्मा दिला त्यांचे पाने खुडण्याचे काम, ज्यांना दिला नाही त्यांच्या तुलनेत सुमारे २२ टक्क्यांनी अधिक वाढले. कापूस वेचणाऱ्या, मिरच्या निवडणाऱ्या, शिलाई मशीनवर बसणाऱ्या आमच्या बायांना हे वेगळे पटवून द्यायला नको. पैठणच्या मागावर बसणाऱ्याला तर नकोच नको.

परंतु तयार चष्म्यात दोन्ही काचांचा नंबर सारखाच असतो, सिलिंडर नसतो, आणि दोन बाहुल्यांमधील अंतर सर्वांचे एकच धरलेले असते. ज्याच्या उजव्या डोळ्याला एक आणि डाव्याला दुसरा नंबर आहे, ज्याचे अक्षर सिलिंडरशिवाय दुहेरी दिसते, त्याचा मोडका चष्मा बाजूला ठेवून त्याला तयार चष्मा देणे म्हणजे त्याची गरज भागवणे नव्हे. त्याचे डोके दुखते, तो चष्मा काढून ठेवतो, आणि ‘चष्मा मला सोसत नाही’ अशी समजूत करून घेतो. माझ्या बाकावर अशी समजूत करून घेतलेली माणसे बरीच येतात. त्यांना नेत्रतपासणीला पुन्हा पाठवणे फार कठीण जाते.

सहावी तक्रार लिहिताना मला वाईट वाटते. ज्या कारागिराचा उल्लेख वर केला, तो आता बसस्थानकाजवळ बसत नाही. अतिक्रमण हटवण्याच्या मोहिमेत त्याची पेटी उचलली गेली. रस्त्यावर बसून चष्मे दुरुस्त करणाऱ्यांना हटवावे, अशी मागणी करणाऱ्या निवेदनावर काही चष्मा विक्रेत्यांच्याही सह्या होत्या. ते निवेदन मी लिहून दिलेले नाही, पण त्याची पोच असलेली प्रत वाचली आहे. स्वतः दुरुस्ती करायची नाही आणि जो करतो त्याला बसू द्यायचे नाही, या दोन्ही गोष्टी एकाच दुकानातून कशा निघू शकतात, हे मला अजून उमगलेले नाही.

पथ विक्रेता अधिनियम, २०१४ मध्ये पथ विक्रेत्याची जी व्याख्या आहे, तिच्यात वस्तू विकणाऱ्यांबरोबरच रस्त्यावर बसून लोकांना सेवा देणारेही येतात. त्या अधिनियमानुसार सर्वेक्षण पूर्ण होऊन प्रमाणपत्रे दिली जाईपर्यंत कोणालाही उठवता येत नाही, आणि पुढे जागा बदलायची झाली तरी तीस दिवसांची नोटीस द्यावी लागते. चष्मा दुरुस्त करणारा, छत्री शिवणारा, कुलुपाची किल्ली बनवणारा हे सर्व त्या संरक्षणात बसतात. हे नगरपरिषदांनी पाहायचे आहे हे खरे, परंतु आपल्या सह्या आपण मागे घेऊ शकता.

आता आपली बाजू. ती मी ऐकली आहे, आणि ती पोकळ नाही. दुरुस्तीचे काम वेळखाऊ असते आणि त्याचे दहा-वीस रुपये मागितले तरी लोक कपाळाला आठ्या घालतात. जुनी फ्रेम तापवताना हातात तुटली तर गिऱ्हाईक ‘तुम्हीच मोडली’ म्हणून भांडते आणि नवी फुकट मागते. काच घासणारी पोरे शहरात निघून गेली; शिकायला नवे कोणी येत नाही. ऑनलाइन विक्रीने फ्रेमवरचा नफा खाल्ला, दुकानाचे भाडे मात्र वाढतच गेले. ज्या चष्म्याचा एक रुपयाही आपल्याकडे आला नाही, तो ऑनलाइन घेतलेला चष्मा नीट बसवून द्या म्हणून लोक आपल्याच काउंटरवर येतात, याचा राग येणे स्वाभाविक आहे.

या सर्व अडचणींवर ‘दुरुस्ती बंद’ हे उत्तर मात्र पटत नाही. काम वेळखाऊ असेल तर त्याचे योग्य पैसे घ्या. वीस रुपयांत परवडत नसेल तर पन्नास घ्या, झाळण्याचे शंभर घ्या, ऑनलाइन घेतलेल्या चष्म्याचे दुप्पट घ्या. पण दर लिहून ठेवा आणि काम करा. दुरुस्ती फुकट किंवा जवळपास फुकट करायची ही सवय दुकानदारांनीच एकेकाळी गिऱ्हाईक टिकवण्यासाठी लावली होती. ती परवडत नाही तर सोडावी, त्यासाठी दुरुस्तीच सोडण्याचे कारण नाही.

कायदा आपल्याला आज भाग पाडत नाही, हे मी मान्य करतो. केंद्र सरकारच्या ग्राहक व्यवहार विभागाने जुलै २०२२ मध्ये दुरुस्तीच्या हक्काचा विचार करण्यासाठी समिती नेमली आणि शेतीची अवजारे, मोबाइल व टॅब्लेट, घरगुती टिकाऊ वस्तू आणि वाहने ही चार क्षेत्रे निवडली. डिसेंबर २०२२ मध्ये त्यासाठी पोर्टलही सुरू झाले. त्या चार क्षेत्रांत चष्मा नाही. ट्रॅक्टर दुरुस्त करून मिळण्याच्या हक्काची चर्चा झाली हे योग्यच झाले, परंतु तो ट्रॅक्टर चालवणाऱ्याच्या नाकावरचा चष्मा कोणाच्या ध्यानात आला नाही. त्यामुळे आजची मागणी मी कायद्याच्या बळावर करत नाही. या भागात पिढ्यान् पिढ्या व्यवसाय करणाऱ्या माणसांकडे, त्यांच्या गिऱ्हाइकांच्या वतीने करत आहे.

माझ्या मागण्या अशा आहेत. ‘दुरुस्ती केली जात नाही’ ही पाटी उतरवावी आणि तिच्या जागी दुरुस्तीचे दरपत्रक लावावे : स्क्रू, पॅड, नायलॉनचा दोरा, फ्रेम सरळ करणे, बिजागरी बसवणे, झाळणे, जुन्या काचा नव्या फ्रेममध्ये बसवणे. फ्रेम कोणत्या दुकानातून घेतली हे न विचारता निदान स्क्रू, पॅड आणि सरळ करणे एवढी कामे प्रत्येक दुकानाने करावीत. विकताना फ्रेम कोणत्या पदार्थाची आहे आणि मोडल्यास दुरुस्त होते की नाही, हे पावतीवर दोन शब्दांत लिहावे. ज्याला दुरुस्त न होणारीच फ्रेम हवी असेल तो ती जाणूनबुजून घेईल. एका नमुन्याच्या डझनभर फ्रेम आणल्या तर त्यांतली एक सुट्या भागांसाठी बाजूला काढून ठेवावी, म्हणजे वर्षभर काड्यांची ददात पडणार नाही. पावती आणि नंबरचा कागद, त्यावर दोन बाहुल्यांमधील अंतर लिहून, प्रत्येकाला द्यावा.

जिल्हा संघटनांकडे वेगळे मागणे आहे. प्रत्येक तालुक्यात झाळणे आणि अ‍ॅसिटेट जोडणे ही दोन कामे करणारा निदान एक कारागीर असावा, आणि सर्व दुकानांनी आपली कामे त्याच्याकडे पाठवावीत. प्रत्येकाने स्वतंत्र माणूस ठेवण्याची गरज नाही. रस्त्यावरून उठवलेले जुने कारागीर अजून हयात आहेत आणि त्यांच्या हातात कसब आहे. त्यांना दुकानाच्या पायरीवर जागा दिली तरी नव्या पोरांना शिकवण्याचा प्रश्न निम्मा सुटेल. मोफत चष्म्यांच्या शिबिरांचा माल संघटनेच्या सभासदांकडून जातो तेव्हा त्याच्याबरोबर सुटे स्क्रू आणि पॅडही जावेत, आणि वाटलेला चष्मा मोडल्यास कुठे न्यायचा तो पत्ता डबीवर असावा. शाळेतल्या पोराचा चष्मा खेळताना मोडतोच, आणि पुढचे शिबिर होईपर्यंत ते पोर फळ्यावरचे न दिसताच वर्गात बसते.

हातात फ्रेम तुटली तर भांडण होते, या आपल्या अडचणीवर माझ्या धंद्यातला एक साधा उपाय आहे. काम घेण्याआधी एक चिठ्ठी लिहून घ्यावी : ‘माझी जुनी फ्रेम मी दुरुस्तीसाठी दिली आहे. तापवताना किंवा झाळताना ती आणखी मोडू शकते हे मला समजावून सांगितले आहे. दुकानदाराने योग्य काळजी घेऊनही तसे झाल्यास मी भरपाई मागणार नाही. मात्र काचांची जबाबदारी दुकानदाराची राहील.’ खाली तारीख आणि सही. शेवटचे वाक्य गाळू नये, कारण काच काढून ठेवणे हे दुकानदाराच्या हातातले काम आहे. ज्यांना ही चिठ्ठी छापून घ्यायची असेल त्यांना मी मजकूर विनामूल्य लिहून देईन, उर्दूतही देईन.

दिवाळीच्या सुमारास आमच्या जिल्ह्यातून ऊसतोडीच्या टोळ्या बाहेर पडतात आणि उन्हाळ्यातच परततात. फडात पाचटाने, मोळीच्या धक्क्याने चष्मे मोडतात आणि तिथे दुरुस्तीची सोय नसते. जाण्यापूर्वी जुने चष्मे तपासून, स्क्रू आवळून, सैल बिजागऱ्या बसवून मिळाल्या तर त्या माणसांचा हंगाम नीट जाईल. म्हणून दसऱ्यापर्यंत निदान पाटी उतरवावी आणि दरपत्रक लावावे, अशी विनंती आहे. तोपर्यंत काही हालचाल दिसली नाही तर पावती न देण्याबाबत जिल्हा ग्राहक आयोगाकडे आणि विनानावाच्या आयात मालाबाबत वैधमापन निरीक्षकांकडे लेखी तक्रार करण्याचे काम मी हाती घेईन. त्या तक्रारींवर सही करण्यास तयार असलेल्यांची नावे मी लिहून घेऊ लागलो आहे. दुरुस्ती सुरू करणाऱ्या दुकानांची यादीही मी माझ्या टेबलाशेजारी लावणार आहे, आणि ही यादी आधी भरावी असे मला मनापासून वाटते.

कळावे,

आपला नम्र,
तहसील कचेरीसमोरचा एक अर्जनवीस,
जिल्हा बीड